पहिलं घर: लालबागला भाड्याने राहावं की बदलापूरला स्वतःचं घ्यावं?

घरखरेदीवर आलेल्या पत्रांत या वेळी एकच पेच पुन्हापुन्हा दिसला. जिथे राहायला आवडतं तिथे घर परवडत नाही, आणि जिथे परवडतं तिथे जायला घरचे आणि मित्र नको म्हणतात. त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. नावं न छापता फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न (लालबाग): आम्ही दोघं मिळून महिना ७०,००० रुपये घरी आणतो. लालबागला वन आरके आहे, भाडं २४,०००. शिल्लक ९ लाख. बदलापूर पूर्वेला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत वन बीएचके ३२ लाखांना मिळतोय. माझं ऑफिस लोअर परळला, बायकोचं ठाण्याला. सगळे म्हणतात, ठाण्याच्या पुढे जाऊ नका. काय करावं?

उत्तर: बदलापूरला जा, पण ही बांधकाम चालू असलेली इमारत नको. कारण पैशांचं आहे, म्हणून आधी हिशेब.

कर्ज ३० लाखांपर्यंतचं असेल तर बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. कर्ज ३० ते ७५ लाखांमध्ये गेलं की ही मर्यादा ८० टक्के होते. तुमच्या ३२ लाखांवर ९० टक्के म्हणजे २८ लाख ८० हजार. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे महिन्याला सुमारे २५,०००. भाड्याइतकाच झाला, असं वाटून लोक सही करतात. पण ताबा मिळेपर्यंत भाडं थांबत नाही, हे त्या क्षणी कुणी मोजत नाही.

महारेराच्या (रेरा कायद्याखाली घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नमुना करारानुसार करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि सगळे स्लॅब पडले की ७० टक्क्यांपर्यंत रक्कम बिल्डर मागू शकतो. स्लॅब लवकर पडतात, वेळ जातो तो पुढच्या प्लास्टर, प्लंबिंग आणि लिफ्टमध्ये. तुमच्या बाबतीत ७० टक्के म्हणजे २२ लाख ४० हजार. त्यातले ३ लाख २० हजार तुमचे गेले, उरलेले १९ लाख २० हजार बँकेने दिले. त्यांचं नुसतं व्याजच महिन्याला १३,६०० रुपये होतं. वर भाडं २४,०००. म्हणजे ७०,००० पैकी ३७,६०० दर महिन्याला जाणार आणि घर अजून हातात नाही. ताबा वर्षभर लांबला की याच टप्प्यावर लोक क्रेडिट कार्डाला हात घालतात. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे उशिराबद्दल व्याज मागता येतं, पण ते हातात पडेपर्यंतचे महिने तुम्हालाच काढावे लागतात.

म्हणून भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेली तयार इमारत पाहा, किंवा पाच-दहा वर्षं जुन्या सोसायटीतला रीसेलचा फ्लॅट. ताबा मिळाला की त्याच महिन्यात भाडं बंद. जीएसटीही नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर तो ५ टक्के असतो. मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (घराच्या आतलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र) आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्का.

आता हातातली रोख. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत ७ टक्के धरून चला. मुंबईत ते ६ टक्के आहे. बदलापूर मात्र नगरपरिषदेच्या हद्दीत येतं, त्यामुळे नेमका दर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. ३२ लाखांवर ७ टक्के म्हणजे २,२४,०००, फक्त पत्नीच्या नावावर १,९२,०००. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३०,०००. करारात नवऱ्याचं नाव आलं की सवलत गेली. कर्जाला मात्र तुम्ही सहकर्जदार राहू शकता. त्यात एक अडचण आहे: मालकीत नाव नसेल तर जुन्या करप्रणालीत तुम्हाला त्या व्याजाची वजावट मागता येणार नाही. ३२,००० रुपयांची बचत मोठी की ती वजावट, हे तुम्ही कोणती करप्रणाली घेतली आहे त्यावर ठरवा.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० कडेही पाहा. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान मिळतं, कमाल १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. तुमचं वार्षिक उत्पन्न ८ लाख ४० हजार, किंमतही बसते. अडतं ते कर्जाच्या रकमेवर: २८ लाख ८० हजार घेतले की योजना हातची गेली. २५ लाख घेतले तर स्वतःचे ७ लाख, शुल्क आणि नोंदणी मिळून साधारण ९ लाख २२ हजार ते ९ लाख ५४ हजार लागतील. तुमच्या ९ लाखांत हे थोडक्यात चुकतं, आणि पंखे, गिझर, सोसायटीची प्रवेश फी, सामान हलवणं अजून बाहेरच आहे. पाच-सहा महिने थांबून लाखभर जमवा, किंवा ३० लाखांपर्यंतचं घर शोधा. हप्ता २१,७०० च्या आसपास येईल. गावाकडचं पक्कं घर वडिलांच्या नावावर असेल तर हरकत नाही. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं.

प्रवासाचं म्हणाल, तर बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे आणि ठाणे साधारण अर्ध्या वाटेवर. पत्नीचा प्रवास सुसह्य आहे. तुम्हाला दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी पकडावी लागेल. इथे सगळा फरक गाडी कुठून सुटते त्याचा आहे. कर्जत आणि खोपोलीहून येणारी लोकल बदलापूरला भरूनच येते. बदलापूरहून सुटणारीत बसायला मिळतं, म्हणूनच अंबरनाथची माणसं उलटी बदलापूरला येऊन सीट धरतात. वेळापत्रकात सकाळी तुमच्या वेळेला 'बदलापूरहून सुटणाऱ्या' जलद गाड्या किती आहेत ते मोजा. सलग तीन दिवस कामाच्या वेळेला तो प्रवास करून पाहा, संध्याकाळचा परतीचाही. रविवारी गाडीने जाऊन साइट पाहणं म्हणजे प्रवास पाहणं नव्हे.

आणि स्टेशनपासून अंतर स्वतः चालून मोजा. पंधरा मिनिटांच्या आतलं घर थोडं लहान असलं तरी घ्या. रात्री पावणेअकराला पाऊस पडत असताना शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागलं की मोठ्या हॉलचं सुख उरत नाही. पुढे घर विकताना किंवा भाड्याने देतानाही गिऱ्हाईक हेच विचारतं.

प्रश्न (मुलुंड): बदलापूर पश्चिमेला घर बघतोय. पुराचं आणि पाण्याचं नेमकं कसं तपासायचं? एजंट म्हणतो, 'इथे पाणी येत नाही' आणि 'चोवीस तास पाणी आहे', दोन्ही एका दमात.

उत्तर: आधी पूर. उल्हास नदी स्टेशनच्या पश्चिमेला आहे. २६ जुलै २००५ चा पूर सर्वांना आठवतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेही याच नदीच्या पाण्याने. नदीकाठाला दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर घेऊच नका. निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम होतं, तिथे विमा आणि पुनर्विक्री दोन्ही अवघड जातात. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विकास आराखड्याच्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर दाखवून मागा.

मग प्रत्यक्ष जागेवर जा. तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. तो हाताने शटरवरची खूण दाखवतो. त्या उंचीशी इमारतीतल्या तीन गोष्टी ताडून बघा: विजेच्या मीटरचं पॅनल, पाण्याचा पंप आणि भूमिगत टाकीचं झाकण. चौथ्या मजल्यावरच्या माणसाच्या घरात पाणी शिरत नाही, पण मीटर भिजले तर वीज जाते, आणि टाकीत गढूळ पाणी शिरलं तर ती उपसून धुवेपर्यंत सगळ्या इमारतीला टँकर.

आता रोजचं पाणी. बदलापूर-अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देतं. सोसायटीच्या वॉचमनला तीन गोष्टी विचारा: पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं येतं, आणि मे महिन्यात किती दिवसांआड येतं. माणशी रोज १३५ लिटर हे नेहमीचं प्रमाण धरलं तर चार माणसांच्या घराला ५४० लिटर, ४० घरांना २१,६०० लिटर लागतात. नळ आलाच नाही तर दहा हजार लिटरचे किमान दोन टँकर रोज. म्हणून सेक्रेटरीकडे गेल्या वर्षाचा वार्षिक हिशेब मागा आणि त्यात टँकरचा खर्च शोधा. हिशेब दाखवायला टाळाटाळ झाली, तर वरच्या मजल्यावरच्या दोन घरांची बेल वाजवून विचारा. बायका खरं सांगतात, कारण पहाटे उठून पिंप भरायचं त्यांनाच असतं.

प्रश्न (डोंबिवली): रेरा नंबर आहे, मोठ्या बँकेचं कर्ज मिळतंय. मग इमारत अधिकृत समजायची ना?

उत्तर: नाही. तुमच्याच शहरात ६५ इमारतींना बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. घेणाऱ्यांकडे रेरा क्रमांक होता, अनेकांना कर्जंही मिळाली होती. बँक तिच्या पैशाची वसुली होईल का हे पाहते. घर गेलं तरी हप्ता तुमच्या पगारातूनच कापला जातो.

तपासणी उलट्या दिशेने करा, म्हणजे बिल्डरने दिलेल्या कागदावर विसंबू नका. महारेराच्या संकेतस्थळावरून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उतरवून घ्या. त्यावर जावक क्रमांक आणि तारीख असते. तो कागद घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि हाच क्रमांक, याच सर्व्हे नंबरला, इतक्याच मजल्यांसाठी दिला आहे का ते विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. बिल्डर म्हणेल, 'ऑफर रविवारपर्यंतच आहे.' जाऊ द्या ती ऑफर. या ३० दिवसांत जे कळतं ते नंतर लाखो रुपये मोजूनही कळत नाही.

मजल्यांची संख्या मुद्दाम मोजा. परवानगी तळ अधिक चारची आणि उभे सात, हा प्रकार नेहमीचा आहे. वरचे तीन मजले थोडे स्वस्त विकले जातात आणि पहिल्यांदा घर घेणारी माणसं तिथेच अडकतात.

जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) ऑनलाइन काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचा. कुळ, बँकेचा बोजा, दाव्याची नोंद तिथे दिसते. वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल करून घ्या. वकील तुम्ही निवडा, बिल्डरच्या पॅनलवरचा नको. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं कलम १३. 'बुकिंग फॉर्मवर २० टक्के भरा' म्हणणाऱ्याकडे पुढे काय होणार ते तिथेच कळतं.

करारात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. त्याला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात: ३८ चौरस मीटर म्हणजे ४०९ फूट. बाल्कनी रेराच्या कार्पेटमध्ये धरत नाहीत. जाहिरातीतला '५५० फुटांचा वन बीएचके' करारात ४०० वर उतरतो तो यामुळे. भाव कार्पेटवरच विचारा.

प्रश्न (पुणे): कोथरूड हाताबाहेर गेलं, म्हणून वाघोलीच्या पुढे बघतोय. बिल्डर म्हणतो ग्रामपंचायतीची परवानगी आहे, नमुना आठच्या उताऱ्यावर नाव लागेल.

उत्तर: सोडून द्या. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्यापुढच्या गावांत बांधकाम परवानगी देणारं प्राधिकरण पीएमआरडीए आहे, ग्रामपंचायत नाही. नमुना आठचा उतारा घरपट्टी कुणी भरायची हे सांगतो. मालकी किंवा इमारतीची कायदेशीरता त्यातून सिद्ध होत नाही. पीएमआरडीएची मंजुरी आणि रेरा क्रमांक, दोन्ही असतील तरच पुढचं बोला.

प्रश्न (अंधेरी): मी एकटी राहते, अंधेरी सोडायची नाही. विरारला ३५ लाखांचा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा आणि इथे भाड्याने राहावं, असा विचार आहे. चुकीचं आहे का?

उत्तर: तीन-चार वर्षांत स्वतः तिथे राहायला जाणार असाल तर बरोबर. नुसतं भाड्यासाठी असेल तर आमचं उत्तर नाही असं आहे.

महिना ९,००० भाडं आणि वर्षात एक महिना घर रिकामं धरू. आले ९९,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, भाडेकरू ठेवल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क (सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं, जास्त मागितलं तर देऊ नका), घरपट्टी, दोन भाडेकरूंच्या मधली रंगरंगोटी वजा करा. हातात ७०,००० उरले तर ३५ लाखांवर तो २ टक्के परतावा झाला. कर्जाचं व्याज वर धरलं तसं साडेआठ टक्के. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घरावरचं व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरतंच वजा होतं, पगारातून उरलेला तोटा वजा करता येत नाही. म्हणजे दर महिन्याला अंधेरीचं भाडं आणि विरारच्या हप्त्यातली मोठी तूट, दोन्ही एकाच पगारातून.

तरी घ्यायचंच ठरलं, तर भाडेकरार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं घरमालकाचीच जबाबदारी आहे.

प्रश्न (ठाणे): डोंबिवलीत स्टेशनपासून सात मिनिटांवर २८ वर्षं जुना वन बीएचके मिळतोय, आणि त्याच पैशात शिळफाट्याकडे नवा टू बीएचके. कोणता?

उत्तर: इमारतीची प्रकृती ठीक असेल आणि भोगवटा प्रमाणपत्र असेल, तर स्टेशनजवळचा. या दोन अटींवर मात्र तडजोड नको. डोंबिवलीत सोसायटी नोंदलेली आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, पण भोगवटा प्रमाणपत्र कधी मिळालंच नाही, अशा इमारती भरपूर आहेत. सोसायटीची नोंदणी म्हणजे इमारतीला मंजुरी नव्हे. अशा घराला कर्ज मिळणं कठीण होतं आणि पुनर्विकासाच्या वेळी तोच कागद आडवा येतो.

पोटनियमांनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीची संरचना तपासणी दर पाच वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. शेवटचा अहवाल मागा. तो येईपर्यंत स्वतः एवढं पाहा. पार्किंगमध्ये उभं राहून बीमच्या खालच्या कडेला बघा. लांबीच्या दिशेने सरळ भेग आणि तिच्या काठाने तपकिरी ओघळ दिसले, तर आतली सळई गंजून फुगली आहे आणि काँक्रीट ढकलते आहे. प्लास्टरवरच्या जाळीसारख्या बारीक भेगांना घाबरू नका. छताला छत्रीच्या दांड्याने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर तिथलं प्लास्टर सुटलं आहे. बाथरूमचं छत आणि त्याला लागून असलेली बेडरूमची भिंत पाहा, नवा रंग फक्त तेवढ्याच तुकड्यावर असेल तर का ते विचारा.

कागदांत पहिल्या मालकापासूनचे सगळे मूळ करारनामे सलग हवेत, आणि प्रत्येकावर त्या वेळचं मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. मधला एखादा करार नुसत्या साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला असला, तर त्याची दुरुस्ती आणि दंड विकणाऱ्याने भरावा, हे व्यवहाराआधी लिहून घ्या. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का हे मिळकत पत्रिकेवर पाहा. झाली नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर होणं) अर्ज केला आहे का ते विचारा, नाहीतर पुनर्विकासात जुन्या बिल्डरच्या वारसांशी वाटाघाटी सुरू होतात. हस्तांतरणाचं अधिमूल्य म्हणून सोसायटीला २५,००० पेक्षा जास्त घेता येत नाही. 'देणगी' नावाने लाख मागितले तर लेखी मागा म्हणावं. बहुतेक वेळा कागद येत नाही आणि मागणीही थांबते.

बँकेचा मूल्यांकन करणारा इंजिनिअर इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो आणि त्यावरून कर्जाची मुदत ठरते. २० वर्षांच्या हिशेबाने बयाणा दिला आणि बँकेने १५ वर्षंच दिली, तर हप्ता लाखाला ८६८ वरून ९८५ वर जातो. म्हणून बयाण्याच्या पावतीवर एक ओळ घाला: अपेक्षित मुदतीचं कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत. विकणारा या ओळीला तयार नसेल, तर बयाणा देऊ नका.